दादाचं भाषण आणि तीन कॉम्प्युटर

धाकटी बावन्न वर्षांची झाली तरी घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. चार भावंडांत शेवटची, म्हणून लहानपणी चिकटलेलं हे नाव पुढे लग्न झालं, केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले तरी सुटलं नाही. घराबाहेर मात्र ती दुरुस्तीवाली काकू होती. एका जुन्या इमारतीत जिन्याखाली तिचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, एक इस्त्री, बटणांचे सात डबे आणि उंच माणसाला आत शिरताना दोनदा वाकावं लागेल असं छत. नवे कपडे ती शिवत नसे. लोकांनी हौसेनं घेतलेले आणि अंगात न शिरणारे कपडे ती त्यांच्या अंगात शिरवून देई.

या कामात हातापेक्षा तोंड जास्त सांभाळावं लागतं. बँकेतले एक साहेब दर चार महिन्यांनी पँट घेऊन येत आणि म्हणत, "काकू, हे कापड आटलंय." आतापर्यंत त्यांच्या सहा पँट आटल्या होत्या, शिवाय कमरेचा एक चामडी पट्टासुद्धा. धाकटी गंभीरपणे मान हलवी आणि म्हणे, "हल्ली पाणीच तसं येतंय." मग ती शिवण उसवून दोन बोटं कापड सोडे. साहेब खूश होऊन जात. खरं बोलायचं की बसेल असं बोलायचं, असा प्रश्न आला की तिचा हात आपोआप दुसऱ्या बाजूला जाई.

तिच्या पन्नासाव्या वाढदिवसाला नवऱ्याने तिला एक डिजिटल कॅमेरा आणून दिला होता. नवरा बस चालवायचा. तो कमी बोलायचा आणि जे बोलायचा ते खरं बोलायचा, त्यामुळे नातेवाइकांत तो फारसा लोकप्रिय नव्हता. कॅमेऱ्याने धाकटीला वेड लावलं. फोटो तर ती काढायचीच, पण खरी गोडी व्हिडिओची. जिन्यावरून उतरणारी माणसं, इस्त्रीची वाफ, समोरच्या किल्लीवाल्याचं पेंगणं, काही म्हणून तिने सोडलं नाही.

तर त्या वर्षी दादा निवृत्त झाला. ताई सगळ्यांत मोठी, दादा तिच्या पाठचा, भावांत थोरला. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं मीटर तपासनीस होता. ऑफिसात निरोप समारंभ झाला, पण तिथे त्याला बोलायला पाच मिनिटं दिली आणि चौथ्या मिनिटाला साहेबांनी टाळ्या वाजवल्या. ते दादाच्या जिव्हारी लागलं. त्याने पुढच्याच रविवारी घरी दुसरा निरोप समारंभ ठेवला. वीस खुर्च्या भाड्याने आणल्या, शेजाऱ्यांना बोलावलं आणि धाकटीला फोन करून सांगितलं, "कॅमेरा घेऊन ये. आणि कार्ड मोठं आण."

दोन माणसं मात्र येणार नव्हती. ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तिला डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून बजावलं होतं. आणि मधला भाऊ दुसऱ्या गावी राहायचा, पण खरं कारण ते नव्हतं. तीन वर्षांपूर्वी त्याने दादाकडून एक शिडी नेली होती. परत आली तेव्हा दादा म्हणाला, अकरा पायऱ्या होत्या, दहाच आहेत. मधला म्हणाला, पहिल्यापासून दहाच होत्या. मधला छापखान्यात मुद्रितं तपासायचा. चूक काढणं हा त्याचा धंदा आणि चूक कबूल न करणं हा छंद. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

"दोघांनाही व्हिडिओ पाठव," दादा म्हणाला. "काय चुकलं ते कळू दे त्यांना."

समारंभ झोकात झाला. धाकटीने वहिनीचं इस्त्रीचं टेबल हॉलच्या मध्यात उभं केलं, त्यावर पुस्तकांची चळत, त्यावर कॅमेरा. शेजारच्या खुर्चीत तिने नवऱ्याला बसवलं, कोणी टेबलाला धडकू नये म्हणून. दादा एक्केचाळीस मिनिटं बोलला. लोकांनी केक खाल्ला, टाळ्या वाजवल्या, आणि दादाचा चेहरा असा फुलला की वहिनी म्हणाली, "लग्नातसुद्धा हे एवढे हसले नव्हते."

दुसऱ्या दिवशी धाकटी कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन शेजारच्या झेरॉक्सवालीकडे गेली. झेरॉक्सवालीने व्हिडिओ तीन पेन ड्राइव्हवर उतरवून दिला, धाकटीने ते तीन पाकिटांत घालून कुरिअरने धाडले. एक दादाला, एक ताईला, एक मधल्याला. तिला वाटलं, काम झालं.

मंगळवारी सकाळी ताईचा फोन आला.

"तुझ्या दादाला सांग, मी मेले तरी त्याच्या दारात पाऊल ठेवणार नाही."

"काय झालं गं?"

"चार लोकांत तो मला हत्तीण म्हणाला. गाल फुगवून दाखवले, हात असे लांब केले, आणि सगळी माणसं हसली. तू पण हसलीस, कॅमेरा हलला तेव्हा."

"ताई, असं काही म्हणाला नाही तो."

"तीस वर्षं टेलिफोन ऑफिसात काढलीत मी. माणूस काय बोलतोय ते मला कळतं, आवाज नसला तरी."

टेलिफोनवर माणसाचे ओठ दिसत नाहीत, हे धाकटीने जिभेवर येऊनही गिळलं. पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. "आवाज नसला तरी म्हणजे? आवाज येत नाही तुझ्याकडे?"

"कशाला हवा आवाज? दिसतंय ना," असं म्हणून ताईने फोन आपटला. ताईचा कॉम्प्युटर पंधरा वर्षांचा होता. त्याला चित्र उमगलं, आवाज नाही.

बुधवारी मधल्याचा फोन आला. मधल्याच्या कॉम्प्युटरवर कुठलीतरी फुकटची सिस्टीम होती. ती त्याने स्वतः बसवली होती आणि तिच्याबद्दल तो पाहुण्यांना चहा येईपर्यंत सांगत असे. आज मात्र त्याचा आवाज ओला होता.

"धाकटे, माझ्याकडे चित्र नाही आलं, नुसता आवाज आला. पण बरंच झालं. बघवलं नसतं मला."

"काय बघवलं नसतं?"

"दादा रडला. 'माझा मधला भाऊ आज इथे नाही' म्हणाला, आणि मग जो हुंदक्यावर हुंदका. दोन मिनिटं बोलू शकला नाही गं. मी आत्ताच फोन केला त्याला. म्हटलं, दादा, पायऱ्या अकराच होत्या."

धाकटी सुईत दोरा ओवत होती, ती तशीच थांबली. तिला तो प्रसंग नीट आठवत होता. ते वाक्य म्हटल्यावर दादाला भाषणाचं दुसरं पान सापडेना. त्याने सगळे खिसे उलटे केले, शेवटी पान वहिनीच्या पर्समध्ये निघालं. रडण्याचा काही संबंध नव्हता. मग हुंदके कुठले?

आणि मग तिला आठवलं की त्या दिवशी नवऱ्याने पहाटेची पाळी केली होती आणि त्याची खुर्ची कॅमेऱ्याला खेटून होती. नवऱ्याचं घोरणं काही दणदणीत नव्हतं. आधी एक उचकी, मग लांब थरथरता सुस्कारा, मग बारीक विव्हळणं. ऐकणाऱ्याला वाटावं, काय दुःख आहे या माणसाला.

"मग दादा काय म्हणाला?" तिने जपून विचारलं.

"म्हणाला, आवंढा आला होता रे. रविवारी जेवायला ये म्हणाला. तू मला चित्र दिसेल असा व्हिडिओ पाठव आता. आता मी बघू शकेन."

गुरुवारी दादाचाच फोन. त्याचा कॉम्प्युटर नवा, पांढरा, आरशासारखा चकचकीत. त्यावर ना चित्र आलं होतं ना आवाज, नुसतं एक प्रश्नचिन्ह. "स्वतःचं भाषण मीच बघितलेलं नाही," दादा म्हणाला. "मी रडलो म्हणे. मला तर काही आठवत नाही, पण एवढ्या गडबडीत कोण लक्ष ठेवतं? मधला म्हणतो म्हणजे रडलो असणार. आणि ताई फोन का उचलत नाही? ते असो. रविवारी मधला येतोय. त्याच्या आत हे प्रश्नचिन्ह काढून दे. सगळे एकत्र बसून बघू."

धाकटीने कपाळाला हात लावला. आवाज पोचला नाही म्हणून एक बहीण रुसली होती, चित्र पोचलं नाही म्हणून दोन भाऊ एक झाले होते. व्हिडिओ सगळ्यांना नीट दाखवला तर ताई परत येणार आणि मधला पुन्हा जाणार.

पण निदान ताईचं निस्तरायला हवं होतं. तिने दुकानाला कुलूप लावलं आणि झेरॉक्सवालीकडे ठाण मांडलं. झेरॉक्सवाली पस्तिशीची, चटपटीत. दोघींनी आधी फाइलच्या नावाचं शेपूट बदलून पाहिलं, तीन अक्षरं काढून दुसरी तीन लिहिली. कॉम्प्युटरने ते मुकाट्याने मान्य केलं आणि व्हिडिओ उघडायला साफ नकार दिला.

"म्हणजे आपण बेचाळीसच्या शर्टावर अडतीसचं लेबल लावलं," धाकटी म्हणाली.

"बरोबर, काकू. नाव बदललं, आतला माल तोच राहिला. फाइल म्हणजे नुसती पिशवी असते बघा. आत चित्राची घडी वेगळी, आवाजाची घडी वेगळी. कोणाच्या कॉम्प्युटरला ही घडी उलगडता येते, कोणाच्या नाही. आपल्याला दोन्ही घड्या मोडून, सगळ्यांना उलगडता येतील अशा परत घालायच्या."

"मग सरळ असं सांग की. उसवायचं आणि परत शिवायचं."

त्यासाठी एक प्रोग्रॅम मिळाला. त्यात इतकी बटणं होती की धाकटीचे सात डबे त्यापुढे काहीच नाहीत. पहिल्या खेपेला दोन तास कॉम्प्युटर घरघरला आणि दादा निघाला बांबूसारखा लांबलचक, डोकं छताला टेकलेलं. दुसऱ्या खेपेला उंची जमली, पण आवाज चित्राच्या चार सेकंद मागे. दादाने तोंड मिटलं तरी बोलणं चालूच राही. झेरॉक्सवाली म्हणाली, "बिघाड वाटत नाही हो हा. तुमचे दादा असेच आहेत ना?" धाकटीने त्यावर क्षणभर विचार केला, पण तिसरी खेप लावली. तोवर झेरॉक्सला आलेली माणसं रांगेत उभी राहून दादाला बघत होती. एकाने तर विचारलं, हे गृहस्थ निवडणुकीला उभे आहेत का.

तिसरी खेप जमली. झेरॉक्सवालीच्या जुनाट कॉम्प्युटरवर चालली. मग दोघी वरच्या मजल्यावर दंतवैद्यांकडे गेल्या, कारण त्यांच्याकडे दादासारखाच पांढरा कॉम्प्युटर होता. दंतवैद्य भला माणूस, "लावा की" म्हणाला. खुर्चीत एक पेशंट आ वासून बसला होता. त्याला भाषणातला बराच मोठा भाग बघावा लागला, आणि तोंडात नळी असल्यामुळे नको असंही म्हणता आलं नाही.

शुक्रवारी दुपारी ताईकडे नवा पेन ड्राइव्ह पोचला. तासाभरात फोन. धाकटीने धास्तावून उचलला, तर पलीकडे ताई हसत होती, मध्ये मध्ये खोकत होती.

"अगं, ती गच्चीवरची टाकी. फुटायच्या आधी अशी फुगली होती, असं सांगत होता तो."

"तेच तर मी म्हणत होते."

"आणि एकतिसाव्या मिनिटाला काय म्हणाला, ऐकलंस ना? 'लहानपणी ताईने मला सांगितलं होतं की तू आमचा नाहीस, तू पाण्याच्या मीटरपाशी सापडलास. मी या खात्यात आलो ते आईबाप शोधायला. चौतीस वर्षांत सगळे मीटर तपासले, कुठे पत्ता लागला नाही.' हे खरं आहे बरं का. मी सांगितलं होतं. दोन वर्षं त्याचा विश्वास होता. मला वाटलं, विसरला असेल मेला." ताईचा राग कुठल्या कुठे गेला होता. रविवारी दोघांनी धरून जिना चढवला तर येते म्हणाली. मग जाता जाता म्हणाली, "आणि तुझ्या नवऱ्याला एकदा नाकाच्या डॉक्टरला दाखव. भाषणात केवढा घोरतोय."

म्हणजे चित्र दिसलं की कोणालाही कळत होतं. दादा खिसे उलटे करतोय, डोळे कोरडे ठणठणीत, वर कॅमेऱ्याच्या बाजूला, म्हणजे मेहुण्याच्या खुर्चीकडे, रागाने बघतोय, आणि कानावर हुंदके. आंधळ्यालाही उमगलं असतं. मधल्याला तर मजकुरातला एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी झोप येत नसे.

तिने ताईला सगळं सांगून तोंड बंद ठेवायची शपथ घातली. मग शनिवारी झेरॉक्सवालीकडे जाऊन ती दोन मिनिटं काढून टाकली. ढगळ कपड्याला चिमटा घालतात तसा चिमटा घातला. 'माझा मधला भाऊ आज इथे नाही,' असं दादा म्हणे आणि लगेच म्हणे, 'आता थोडंसं गळतीविषयी.' जोड दिसत नव्हता. धाकटीने तीनदा बघितलं आणि तिला स्वतःच्या हाताचं कौतुक वाटलं.

रविवारी सगळे दादाच्या हॉलमध्ये जमले. ताईला आरामखुर्ची दिली, पाय स्टुलावर. मधला दादाला खेटून बसला. दारात त्यांनी एकमेकांना मिठी मारली होती आणि वहिनीने चष्मा पुसला होता. धाकटीचा नवरा या वेळी रजेवर होता, झोप पूर्ण झालेली, डोळे टक्क उघडे. त्याला सांगून ठेवायचं धाकटीच्या डोक्यातच आलं नाही, कारण तो कधी बोलतच नसे.

पांढऱ्या कॉम्प्युटरवर दादा बोलायला लागला. चित्र आलं, आवाज आला. दादा स्वतःकडे असा बघत होता, जणू फार दिवसांनी कोणी ओळखीचं भेटलं. ते वाक्य जवळ आलं. मधल्याने रुमाल काढला. पडद्यावरचा दादा म्हणाला, "माझा मधला भाऊ आज इथे नाही. आता थोडंसं गळतीविषयी."

मधला रुमाल धरून तसाच बसला. "मध्ये काहीतरी होतं," तो म्हणाला.

"जुना कॅमेरा आहे रे, उडतं कधीकधी," धाकटी म्हणाली.

"उडालं नाही," तिचा नवरा म्हणाला. सगळ्यांनी वळून पाहिलं. "इथे मी घोरत होतो. तू काढलंस का ते? कशाला काढलंस, झोप लागली होती तर लागली होती."

ताईने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. दादाने कॉम्प्युटर थांबवला.

"म्हणजे मी रडलो नाही?"

"तू पान शोधत होतास," धाकटी खाली मान घालून म्हणाली.

"दादा, तू तर म्हणालास आवंढा आला होता," मधला म्हणाला.

"तू म्हणालास मी रडलो. मग आवंढा आल्याशिवाय कसा रडेन? मी आपला हिशेबाने बोललो."

धाकटी मनातल्या मनात मधल्याच्या परतीच्या गाड्यांच्या वेळा आठवत होती. मधल्याने रुमालाची नीट चार घड्या घालून तो खिशात ठेवला.

"तू नाही रडलास, ठीक आहे," तो म्हणाला. "पण मी रडलो ना ते ऐकून. त्याचं काय करायचं?"

दादाने यावर खरोखर विचार केला. "किती वेळ रडलास?"

"दोन मिनिटं तरी."

"मग झालं की. दोनच मिनिटं होती. तुझी ती तिथे घाल."

पहिली हसली ती ताई, मग तिला आवरता आवरेना, आणि गुडघा दुखायला लागला तेव्हाच थांबली. मग मधल्याने सगळा व्हिडिओ चिमटा न घातलेला मागितला. धाकटीने पर्समधून दुसरा पेन ड्राइव्ह काढला. दोन्ही तिने आणले होते, का ते तिलाही सांगता आलं नसतं. घोरण्याचा भाग सर्वांनी चार वेळा ऐकला. वहिनी म्हणाली, हे खरे रडतात तेव्हा अगदी असाच आवाज येतो. धाकटीच्या नवऱ्याने पहिल्यांदाच स्वतःचं घोरणं ऐकलं आणि तो म्हणाला, "वाईट वाटतं ऐकून."

जेवणं झाल्यावर मधला दादाच्या कॉम्प्युटरकडे वळला. असल्या दिखाऊ यंत्रावर पहिल्यांदा प्रश्नचिन्ह येतंच कसं, म्हणाला. माझी सिस्टीम बसवून देतो, तासाभराचं काम. संध्याकाळी बाकीचे निघाले तेव्हा तो बाह्या सरसावून बसला होता आणि पडदा काळा होता.

बुधवारी धाकटी दुकानात होती. समोर बँकेतले साहेब उभे होते, या वेळी पँट नव्हे तर कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन. दंतवैद्यांनी पाठवलं म्हणाले, लेकीच्या घरी व्हिडिओ उघडत नाही. लेकीकडे कुठला कॉम्प्युटर आहे, जुना की नवा, पांढरा की काळा, हे ती वहीत लिहून घेत असताना दादाचा फोन आला.

"मधला अजून इथेच आहे," दादा म्हणाला. "अजून दोन-तीन दिवस लागतील म्हणतोय."

"अरे बापरे. म्हणजे काहीच चालत नाहीये?"

"कॉम्प्युटर ना? तो ठार बंद आहे." दादाचा आवाज मजेत होता. मागे मधला कोणालातरी ठासून काहीतरी समजावत होता, बहुधा वहिनीला. "मी त्याला सांगितलंय, सावकाश होऊ दे, घाई नाही."